वाघजाईच्या डोंगराचे खजिनदार

मामंजींवर पैशाचा आळ कधी कुणी घेतला नाही. नसरापुरातली जुनी माणसं भेटली की अजून सांगतात, "तुमच्या सासऱ्यांसारखा खजिनदार पुन्हा व्हायचा नाही. डोंगराच्या पैशाला त्यांनी घरचा वारासुद्धा लागू दिला नाही." मी मान हलवते. सांगणारे खोटं बोलत नाहीत. पण हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते मामंजींच्या चेहऱ्यावर शेवटच्या वर्षांत मला कधी दिसलं नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा किराण्याचं दुकान भरात होतं. पुढं दुकान, मागं माजघर, आणि मधे एक दार. ते नेहमी अर्धं लोटलेलं असायचं. सुनेनं दुकानात जायचं नाही, पण गिऱ्हाईक काय मागतंय ते आतून ऐकून गूळ फोडून ठेवायचा, अशी रीत होती. त्यामुळं त्या दारामागं उभं राहून मी जितकं ऐकलं तितकं आमच्या ह्यांनी गल्ल्यावर बसूनही ऐकलं नसेल.

मामंजी उंच आणि किडकिडीत होते. आयुष्यभर तागडी धरून त्यांचा उजवा खांदा जरा खाली आला होता, त्यामुळं सरळ उभे असले तरी काहीतरी ऐकायला वाकलेत असं वाटे. पोत्यात हात घालायचे तो थेट कोपरापर्यंत. वरचं धान्य आणि तळाचं धान्य एकच आहे का हे बघितल्याशिवाय सौदा नाही. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. गावात सगळे त्यांना तात्या शेट म्हणत.

या दुकानाखेरीज त्यांच्याकडं आणखी एक काम होतं, आणि जीव खरा त्यात होता. आमच्या पश्चिमेला वेल्ह्याच्या वाटेवर वाघजाईचा डोंगर आहे. तो पूर्वी आंबवड्याकडच्या एका इनामदारीणबाईंच्या मालकीचा होता. बाईंना मूलबाळ नव्हतं. कोळसा पाडणारा एक ठेकेदार डोंगर विकत मागायला आला, तेव्हा बाईंनी त्याला परत पाठवलं आणि डोंगर पायथ्याच्या तीन गावांना देऊन टाकला. अट एकच, की उभ्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. तिन्ही गावांचं पाणी त्या डोंगरातल्या झऱ्यावर होतं, म्हणून गावांनीही ते मनावर घेतलं आणि डोंगर राखायला मंडळी स्थापन केली. दिवाळीनंतर गवताचा लिलाव व्हायचा, हिरडा गोळा करून भोरच्या व्यापाऱ्याला जायचा, त्याचे पैसे मंडळीचे. त्यातून राखणदाराचा पगार द्यायचा, दगडी गडगा दुरुस्त करायचा, उन्हाळ्याच्या तोंडाला कडेकडेनं गवत जाळून वणवा अडवायचा पट्टा काढायचा. खजिनदार कोण, यावर तिन्ही गावं भांडली. शेवटी मामंजींचं नाव निघालं, कारण ते तिन्हींपैकी कुठल्याच गावचे नव्हते आणि तिन्ही गावं उधारीला त्यांच्याच दारात येत.

मंडळीची पेटी उघडण्याआधी ते हात धुवायचे. पूजेला बसण्याआधी धुतात तसे, कोपरापर्यंत. भोरच्या पोस्टात पैसे भरायला निघाले की वाटेत कुणाच्या घरी पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. कुणी बोलावलं तर रस्त्यावरूनच सांगत, "अंगावर मंडळीचे पैसे आहेत. उतरवून येतो, मग बसतो." मोटारीचं भाडं स्वतःच्या खिशातून. मंडळीच्या सभेचा चहा आमच्या घरचा. हिरड्याची पोती आमच्याच माळ्यावर असायची. एकदा माझ्या लेकीला, कुसुमला, खोकला झाला म्हणून मी शिडी चढून एक हिरडा काढून आणला आणि उगाळायला बसले. मामंजी पाणी प्यायला आत आले होते. सहाणेकडं बघून त्यांनी विचारलं, "सूनबाई, कुठला?"

"माळ्यावरचा."

ते तसेच दुकानात गेले, आमच्या बरणीतला एक हिरडा घेऊन आले आणि शिडी चढून त्या पोत्यात टाकून खाली उतरले. मी ओशाळले. तेव्हा जाता जाता म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. पण मंडळीचा आहे तो."

मला त्यांचं हसू यायचं. सासूबाईंना मात्र यायचं नाही. एकदा निवांत वेळी त्यांनी मला कारण सांगितलं. मामंजींचे थोरले भाऊ मारुतीच्या देवळाच्या जीर्णोद्धाराचे पैसे सांभाळत. खर्चाचा मेळ बसेना, तेव्हा गावानं त्यांच्यावर संशय घेतला. त्यांनी खाल्ले की नाही हे कधी ठरलंच नाही. पण लोक दुकानात येऊन त्यांच्या तोंडावर हसायला लागले आणि एके दिवशी ते कुणाला न सांगता घर सोडून गेले. "ते गेले तेव्हा ह्यांना मिसरूड फुटलेलं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हापासून दुसऱ्याचा पैसा म्हटला की ह्यांना धसका बसतो. खर्चायला काढायचा म्हटलं तर फारच."

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्याचा अर्थ मला हळूहळू कळत गेला. पैसा आला की मामंजी खुलायचे आणि जायची वेळ आली की कोमेजायचे. एका पावसाळ्यात डोंगराचा गडगा बराच ढासळला. तिन्ही गावांनी फुकट राबायचं कबूल केलं, फक्त दुपारी गूळ-चणे मिळावेत एवढंच मागणं. मामंजींनी ते दुकानातून दिले आणि मंडळीच्या नावावर मांडले नाहीत. लोकांनी फार वाखाणलं. पण घरच्या खिशाला ते किती दिवस पुरणार? अर्धा गडगा उभा राहिला आणि गूळ-चणे थांबले. उरलेल्या अर्ध्यासाठी मंडळीच्या पेटीला हात लावावा हे त्यांच्याच्यानं झालं नाही. त्या उघड्या बाजूनं पुढं वर्षानुवर्षं जनावरं शिरत राहिली.

डोंगराचा राखणदार होता धोंडीबा. डोंगराच्या खांद्यावर धनगरांची दोन-चार घरं होती, त्यातलं एक त्याचं. गुरं राखायची, दूध-लोणी खाली आणायचं, आणि मंडळीचा पगार घेऊन डोंगरावर नजर ठेवायची. बायको ठकूबाई. महिनाअखेर तो पगाराला आणि मिठा-तंबाखूला दुकानी यायचा. त्या दिवशी मामंजी नोकराला बाजूला सारून स्वतः तागडी धरायचे. मग धोंडीबा पायरीवर टेकायचा आणि डोंगराच्या गोष्टी सांगायचा. कुठला हिरडा लगडलाय, झऱ्याच्या वरच्या अंगाला बिबट्यानं कसा मुक्काम टाकलाय, माकडांची टोळी कशी देवीच्या देवळात पावसाला बसते. मामंजी तागडी हातात धरूनच ऐकत राहायचे. मध्येच त्यांचं हसू ऐकू यायचं. आम्ही माजघरात एकमेकींकडं बघायचो, कारण ते हसू घरात कुणाच्या वाट्याला येत नसे. गंमत म्हणजे मामंजी स्वतः डोंगरावर फारसे गेलेच नव्हते. डोंगर त्यांना धोंडीबाच्या तोंडूनच माहीत होता.

पुण्याचे एक सेवानिवृत्त अधिकारी त्या सुमाराला डोंगर बघायला आले. आम्ही सगळे त्यांना रावसाहेब म्हणायचो. झाडांची हौस असलेला, भला माणूस. त्यांनी डोंगर पाहिला, मग दुकानात बसून हिशेब पाहिले आणि खूश झाले. निघताना म्हणाले, "तात्या शेट, इतका स्वच्छ कारभार मी सरकारातसुद्धा पाहिला नाही. पण खर्च कुठं दिसत नाही. खर्च काय करता?"

"शक्यतो करत नाही," मामंजी म्हणाले.

रावसाहेब मोठ्यांदा हसले. त्यांना तो विनोद वाटला. त्यांनी मंडळीला भरभक्कम देणगी दिली आणि चैत्रात आणखी दोन-तीन मित्रांना घेऊन येतो, तेही देतील, असं सांगून गेले. त्या संध्याकाळी मामंजींनी जेवताना दोनदा भात मागून घेतला. सासूबाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं.

त्या वर्षी पाऊस उदंड झाला होता. लिलावात उचललं गेलं तरी डोंगरावर गवत खूप उरलं. थंडी सरता सरता एका सकाळी धोंडीबा महिना संपायच्या आधीच आला. पायथ्याच्या तीनपैकी एका गावचे पाटील त्याच्यासोबत होते. ते मंडळीवर होते.

"शेट," धोंडीबा म्हणाला, "औंदा गवात छातीला लागतंय. कडंचा पट्टा आत्ताच जाळून काडाय पायजे. दोन मानसं द्या, शिमग्यापातुर."

"गेल्या वर्षी तू एकट्यानं काढला होतास ना?"

"गेल्या साली गवात गुडघ्याइतकं व्हतं. आन् पोरगा हाताशी हुता. त्यो गेला न्हवं का म्हमईला, गिरनीत."

पाटील म्हणाले, "देऊन टाका, तात्या. पैसं काय लोणच्याला घालायचं हाईत? ह्याचं खरं हाय. म्या सोता बगून आलोय."

मामंजींनी तागडी उचलून पुन्हा खाली ठेवली. दारामागून मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. त्यांनाही ते पटलं होतं हे मला त्या पाठीवरून कळत होतं. माणूस पटलं नाही की वाद घालतो. मामंजी विनवणीच्या सुरात बोलायला लागले.

"पाटील, चैत्रात रावसाहेब पाहुण्यांना घेऊन येणार. त्यांनी दिलेली रक्कम त्यांच्यापुढं मोडलेली दाखवू? ते काय म्हणतील, आठ-पंधरा दिवसांत हात घातला. धोंडीबा, यंदा एवढं भागवून ने. रावसाहेब येऊन गेले की दोन काय, चार माणसं देतो. हा माझा शब्द."

धोंडीबानं पाटलांकडं बघितलं. पाटलांनी मान दुसरीकडं वळवली.

"तुमचा सबुद हाय म्हंजी झालं," धोंडीबा म्हणाला आणि उठला.

तो मागल्या दारी आला तेव्हा मी त्याला भाकरी आणि चहा दिला. रागावलेला नव्हता. भाकरी मोडत म्हणाला, "वैनी, आमचं शेट देवमानूस. पर वनव्याला रावसाब ठावं न्हाईत."

होळीला थोडे दिवस होते. भर दुपारी मी गच्चीवर पापडांची राखण करत बसले होते. वारा पश्चिमेचा होता. पापडावर काळं काहीतरी पडलं म्हणून मी फुंकर मारली, तर ते विरून गेलं. पुन्हा पडलं. वर बघितलं, तर वाघजाईच्या डोंगरावरून धुराचा लोट उठून आमच्या बाजूला वाकला होता. गवताची जळकी पानं इतक्या लांबवर येत होती. मी तशीच जिन्यानं खाली धावले आणि रीत विसरून थेट दुकानात गेले. "मामंजी, डोंगर!"

त्यांनी तागडी खाली ठेवली. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला थांब म्हणालेसुद्धा नाहीत. पायात वहाणा न घालता बाहेर पडले आणि शेजारच्याची बैलगाडी घेऊन गेले. ह्यांनी मागाहून दुकान बंद केलं. बाजारपेठेत चालत्या दिवशी आमच्या दुकानाला कुलूप लागलेलं लोकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

ते दुसऱ्या दिवशी परत आले. अंगाला धुराचा वास होता आणि टोपी नव्हती. सासूबाईंनी पाणी दिलं ते हातात घेऊन बसून राहिले. मग म्हणाले, "डोंगर गेला."

बाकीचं पाटलांनी सांगितलं. जिथं पट्टा काढायचा राहिला होता त्याच अंगानं आग वर चढली. धोंडीबा एकटाच हिरव्या डहाळ्या घेऊन झोडपत होता. गावची माणसं वर पोचेपर्यंत त्यानं ती बाजू धरून ठेवली. तेवढ्यात वारा फिरला आणि आग त्याच्या घराकडं वळली. गोठ्यात गुरं बांधलेली. तो आत शिरला, काहींची दावी सोडली, काहींची सुटली नाहीत. छप्पर वरून आलं. दोन्ही पाय आणि एक हात भाजला. धनगरांच्या घरांपैकी एकही राहिलं नाही.

धोंडीबाला पाटलांच्या पडवीत आणून ठेवलं होतं. सासूबाई आणि मी तूप आणि जुनी मऊ लुगडी घेऊन बघायला गेलो. मामंजी बरोबर होते. ठकूबाई नवऱ्याच्या उशाशी बसून पदरानं माश्या वारत होती. आम्हाला बघून तिनं जागा केली. मामंजी खाटेजवळ जमिनीवरच बसले. कमरेची पिशवी काढून त्यांनी खाटेवर ठेवली.

"धोंडीबा, हे घे. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ. मी मोटार ठरवतो. बरा झालास की नवी गुरं घे."

धोंडीबानं पिशवीकडं बघितलं. "कुनाचं हाय ह्ये?"

"माझं. घरचं." मामंजी घाईनं म्हणाले, "मंडळीच्या पैशाला हात लावलेला नाही."

"मंग नगं."

"अरे, असं काय करतोस?"

"तुमचा गडी असतो तर घेतलं असतं, शेट. तुमचं मीठ खाल्लंय, तुमच्याकडनं घ्यायला लाज न्हाई. पर म्या डोंगराचा गडी. डोंगरापायी जळलो. डोंगराचं द्या. ह्या हातानं घेतो." आणि त्यानं चांगला होता तो हात वर केला.

मामंजींचा आवाज अगदी खाली गेला. "ते माझ्या एकट्याच्या हातात नाही रे. सभा भरवायला हवी. ठराव व्हायला हवा."

"भरवा की. म्या कुठं पळतोय?"

त्या वेळी ठकूबाईनं पहिल्यांदा मान वर करून मामंजींकडं बघितलं. ती पिशवी घ्यावी असं तिच्या मनात होतं की काय, मला सांगता येणार नाही. पण नवऱ्याचा शब्द तिनं मोडला नाही. मामंजींनी पिशवी परत कमरेला बांधली. परतीच्या वाटेवर सासूबाई म्हणाल्या, "आत्ताच पेटी उघडा. सभा मागनं घ्या. कोण नाही म्हणणार आहे?"

"कोणीच नाही म्हणणार नाही," मामंजी म्हणाले. "पण उद्या कोणी विचारलं, कोणाला विचारून दिलेत, तर?"

सभेची खटपट त्यांनी त्याच दिवशी सुरू केली. पण लग्नसराईचे दिवस होते. एका गावचा माणूस वऱ्हाडाबरोबर गेलेला, दुसऱ्या गावचा म्हणाला, आता रावसाहेब येणारच आहेत, त्यांच्यासमोरच ठराव करू, शोभून दिसेल. मामंजी रोज एकाच्या दारात जात होते. त्यात दिवस गेले.

रावसाहेब चैत्रात आले. काळा डोंगर बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग दुकानात बसून त्यांनी रिवाजाप्रमाणं हिशेब मागितले, चष्मा लावून सगळं पाहिलं आणि मामंजींना धीर द्यावा म्हणून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "डोंगराचं वाईट झालं. पण तात्या शेट, हिशेब मात्र चोख आहेत."

मामंजी उठून माजघरात आले. माझ्यासमोरून गेले, पण मी त्यांना दिसले नाही. कोनाड्यापाशी भिंतीला हात लावून उभे राहिले. पाहुण्यांची पानं वाढली होती. ते जेवायला बसले नाहीत. पोट बिघडलंय म्हणून सांगा, म्हणाले.

ठराव त्याच दुपारी झाला. औषधपाणी, गुरं, घर, सगळ्याला मिळून चांगली रक्कम मंजूर झाली आणि कुणीही एका शब्दानं हरकत घेतली नाही. पाटील तेवढे सभेला आले नव्हते, होकार त्यांनी आधीच कळवला होता. मामंजींनी पैसे काढले आणि पाटलांच्या पडवीकडं गेले. खाट उभी करून ठेवली होती. ठकूबाईचा भाऊ महाडकडून आला होता. धोंडीबाला डोलीत घालून ते सगळे घाट उतरून कोकणात गेले होते.

"त्या पोटच्या पोरानं बी म्हमईवनं येऊन बगितलं न्हाई," पाटील म्हणाले. "काय करील बिचारी, भावाला बलावनं धाडलं. कालच गेली. धोंडीबानं जाताना डोंगराकडं वळून बगितलं बी न्हाई, तात्या."

मामंजींनी घाटवाटेनं जाणाऱ्या-येणाऱ्यांकडं निरोप दिले. एकदा तर साठी जवळ आलेली असताना घाटाच्या तोंडापर्यंत स्वतः चालत गेले. कुणी म्हणे महाडजवळ आहेत, कुणी म्हणे पुढं गेले. ती रक्कम त्यांनी एका वेगळ्या पिशवीत घालून ठेवून दिली.

त्यानंतर मामंजी खर्च करायला शिकले. शिकले असंच म्हणते, कारण त्यांना ते जड जात होतं. पैसे दोनदा मोजून परत पेटीत ठेवायचे, पण शेवटी काढायचे. मंडळीनं दोन राखणदार ठेवले. राहिलेला गडगा पुरा झाला. थंडी सरायला लागली की पट्टा काढायला माणसं लागायची, आणि मामंजी गाडी जुंपून पायथ्याशी जाऊन बसायचे. पावसाळ्यात हिरड्याची रोपं लावली जायची. गवत पुढच्याच वर्षी परत आलं. गवताला काय लागतं. पण हिरडे पूर्वीसारखे धरले नाहीत, आणि झरा वैशाखात बारीक व्हायला लागला तो लागलाच. धनगरांची घरं होती तिथं कुणी राहायला आलं नाही. नवे राखणदार पगाराला यायचे, पैसे घेऊन जायचे. पायरीवर बसून डोंगराच्या गोष्टी सांगणारं कुणी नव्हतं. मामंजी त्यांना विचारायचे, "बिबट्या दिसतो का रे?" ते म्हणायचे, "न्हाई बा." मामंजी तागडीकडं वळायचे.

मग दुसऱ्या महायुद्धाची लढाई आली. पेट्रोल मिळेनासं झालं, मोटारी कोळशाच्या गॅसवर धुरकटत चालायला लागल्या आणि कोळशाला सोन्याचा भाव आला. एक ठेकेदार दुकानात येऊन बसला. वणव्यातून वाचलेली वरची झाडं तेवढी द्या, मंडळीची पेटी भरून टाकतो, म्हणाला. मामंजींनी त्याचं बोलणं पुरं ऐकून घेतलं.

"पेटी भरलेली होती की आमची," ते म्हणाले. "ती भरलेली असताना काय झालं ते बघून या आधी." ठेकेदाराला काही कळलं नाही. तो गेला.

लढाई संपायच्या सुमाराचा बाजाराचा दिवस. भोरकडून आलेली मोटार पेठेत थांबली आणि त्यातून एक म्हातारी उतरली. मी आता दुकानात बसायला लागले होते. सासूबाई नव्हत्या आणि आमच्या ह्यांना पुण्याला फेऱ्या पडत. म्हातारी पायरीपाशी येऊन उभी राहिली. कपाळ मोकळं होतं. तिनं आत बघितलं आणि म्हणाली, "मीठ द्या वैनी." आवाजावरून मी ओळखलं.

"ठकूबाई?"

मामंजी आत बाजेवर पडलेले असायचे. माझी हाक ऐकून ते बाहेर आले. तिचं कपाळ बघून उंबऱ्यातच थबकले.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"झाली दोन वर्सं. पाय बरं झालंच न्हाईत. बसूनच हुता." तिचा सूर कुणा परक्याबद्दल माहिती द्यावी तसा होता. "ह्या अंगाचं मानूस आलं की इचारायचा, डोंगूर कसा हाय. म्या म्हनायची, तुला काय करायचंय."

मामंजी आत गेले आणि ती पिशवी घेऊन आले. दोन्ही हातांवर ठेवून त्यांनी ती पुढं केली. "हे धोंडीबाचं आहे. मंडळीचं. माझं नाही. तेव्हाच मंजूर झालं होतं. तुम्ही गेला होतात. मी फार शोध केला."

ठकूबाईनं पिशवी घेतली. उघडून आत बघितलं, पुन्हा बंद केली. आभार मानेल असं मला वाटलं, किंवा रडेल. तिनं पिशवी ओच्यात खोचली आणि विचारलं, "येवढं समदं तवा व्हतं?"

मामंजींना टाळता आलं असतं. "होतं," ते म्हणाले. "याच्याहून जास्त होतं."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. रागानं नव्हे, एखादी गोष्ट नीट लावून घ्यावी तसं.

"मंग?" ती म्हणाली.

बाजाराचा गलका चालला होता. कुणीतरी गुळाचा भाव विचारत होतं, मी हातानं थांब म्हणाले.  भाऊ, देऊळ, रावसाहेब, चैत्र, सभा, यातलं एकही मामंजींनी सांगितलं नाही.  ठकूबाईनं मिठाची पुडी उचलली, माझ्यापुढं पैसे ठेवले आणि पायरी उतरून निघाली. मी पैसे परत द्यायला हात पुढं केला, तो तिनं बघितला नाही.

मामंजी तिच्यामागून रस्त्यावर उतरले. अनवाणीच. मी "मामंजी, ऊन आहे" म्हणाले, पण ते चालत राहिले. ती पुढं, डोईवर पदर घेऊन, बाजाराच्या गर्दीतून. आणि बऱ्याच अंतरावर, एक खांदा खाली आलेला तो उंच म्हातारा माणूस. तिला गाठावं इतक्या घाईनं ते चालत नव्हते, आणि थांबतही नव्हते. लोक बाजूला होत होते, रामराम करत होते. ते कुणाकडं बघत नव्हते. पेठ संपते तिथं ठकूबाई वेल्ह्याच्या वाटेला, डोंगराकडं, वळली. मामंजी वळणापर्यंत गेले आणि उभे राहिले. त्यांनी हात वर केला. हाक मारायला केला, की उन्हापासून डोळे झाकायला, एवढ्या लांबून मला कळलं नाही. तिनं काही मागं बघितलं नाही.